सुरुची डबी पालथी करून बघते

सुरुची माझी बहीण. पाठची, सख्खी, आणि आमच्या अख्ख्या तांबट आळीतली पहिली पोरगी जी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला काही लोक नशीब म्हणतात. नशीब-बिशीब काही नाही. ती माझी बहीण आहे, एवढं पुरे.

मी यज्ञेश्वर. शिक्षण नववी. दहावीला बसलो असतो तर पास झालो असतो, मास्तर स्वतः म्हणाले होते. पण वडिलांचा उजवा खांदा गेला आणि हातोडा माझ्या हातात आला. आज कसब्यात कुणाच्याही न्हाणीत माझ्या हातचा बंब निघेल आणि तो अजून पाणी तापवत असेल. गिझर घेतले लोकांनी, ते बिघडले. माझा बंब बिघडत नाही.

वडील एकच गोष्ट सारखी सांगायचे. भांडं हातात आलं की पालथं करून बघायचं. गिऱ्हाईक तोंड बघतं, कारागीर बूड बघतो. मी ते कामापुरतं शिकलो. सुरुची उंबऱ्यात बसून ऐकायची, तिने ते सगळ्या जगाला लावलं. बिस्किटाचा पुडा आणला की आधी मागची बाजू. आईची औषधाची पट्टी, उदबत्तीचा पुडा, शाम्पूची पुडी, सगळं आधी पालथं. एकदा तिला बघायला पाहुणे आले, मिठाईचा बॉक्स घेऊन आले. हिने सगळ्यांसमोर बॉक्स उलटा केला, तारीख वाचली आणि आत जाऊन ठेवून आली. ते स्थळ परत आलं नाही. आई आठवडाभर बोलली नाही. मी म्हटलं, बरं झालं. शिळी मिठाई आणणारी माणसं पोरीला काय नीट ठेवणार?

बीएस्सी झाल्यावर तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. काम काय, तर टेस्टिंग. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याचे पगार घ्यायचे. मला आधी खरंच वाटेना. माणसाला चुका काढण्याचे पैसे मिळायला लागले तर आख्खं पुणं श्रीमंत होईल. पण मिळत होते. सकाळी ती गळ्यात कंपनीचं कार्ड घालून निघाली की मी मुद्दाम हातोडा थांबवायचो. आमच्या आळीत ठोकण्याचा आवाज इतका सवयीचा, की एक हातोडा थांबला तरी माणसं मान वर करून बघतात. बघायलाच पाहिजेत.

क्रीमचं वेड तिथेच लागलं. तिच्या ऑफिसातल्या बायका व्हिटॅमिन सीचं क्रीम लावायच्या. डाग जातात, चेहरा उजळतो, असं म्हणायच्या. कुणी काही नवीन आणलं की जेवणाच्या सुट्टीत डबी सुरुचीकडे यायची. ही ती पालथी करायची. हळूहळू आळीतल्या बायका पण यायला लागल्या. आमच्या उल्काने, म्हणजे माझ्या बायकोने, भावाच्या लग्नासाठी एक डबी घेतली होती. तिच्यावर संत्र्याचं एवढं मोठं चित्र. किंमत ऐकून मी खाली बसलो होतो.

सुरुचीने डबी उलटी केली आणि म्हणाली, "वहिनी, यात सगळ्यात जास्त पाणी आहे."

मला वाटलं चेष्टा करते. मग तिने समजावून सांगितलं. मागे जी नावं छापलेली असतात ती उगाच कशीही नसतात. जे सर्वात जास्त, ते आधी. मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. शेवटची शेवटची नावं म्हणजे नुसती चिमूट, त्यांच्यात मागेपुढे चालतं. उल्काच्या डबीत पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, मग तेलं, मग अत्तर, आणि ज्याच्यासाठी वर संत्रं काढलं होतं ते व्हिटॅमिन सी अत्तराच्याही मागे. मी सुन्न झालो. देवळाला कळस सोन्याचा आणि गाभाऱ्यात देव नाही, असला प्रकार. आणि सगळं उघड छापलेलं, हे विशेष. चोर घरात पाटी लावून शिरला होता आणि आम्ही त्याला चहा देत होतो.

शिवाय व्हिटॅमिन सी सगळ्यांत एकच नसतं म्हणे. एक असतं साधं, अस्सल. ते जोरात काम करतं पण नाजूक फार. हवा लागली, ऊन लागलं की पिवळं पडतं, मग तपकिरी, मग फुकट. आणि चेहऱ्याला चुरचुरतं पण, म्हणून आधी थोडं लावून बघायचं. दुसरं असतं कशाला तरी बांधून ठेवलेलं. ते शांत, टिकतं खूप, पण काम बेताचं. कोणतं चांगलं असं विचारलं की सुरुची म्हणायची, कुणाचा चेहरा ते आधी सांगा. मी मात्र सगळ्यांना सांगायचो, माझी बहीण क्रीमच्या पोटातलं वाचते.

मग एका शुक्रवारी ती दुपारीच घरी आली.

मी कळशीचा गळा ठोकत होतो. तिच्या गळ्यात कार्ड नव्हतं. विचारायच्या आधीच हात थांबला. तिने सांगितलं ते दोन वाक्यांत. कंपनीने टेस्टिंगचं अख्खं खातंच बंद केलं. सकाळी मीटिंगला बोलावलं आणि दुपारी गेटवर कार्ड काढून घेतलं. मला काही समजेना. चूक काय झाली विचारलं, तर म्हणाली चूक काही नाही. हाच खरा धक्का होता. आमच्या धंद्यात भांडं गळलं तर माणूस शिव्या खातो. भांडं गळलं नाही तरी हाकलतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे काही महिने वाईट गेले. ती अर्ज करायची, उत्तरं यायची नाहीत. आळीत कुणी विचारलं की मी सांगायचो, घरून काम करते, आता तशी पद्धत आहे. आई रात्री देवापाशी जास्त वेळ बसायला लागली. आणि सुरुचीने डब्या बघणं सोडलं. बायका आल्या तर म्हणायची, मला काय कळतंय. हे ऐकवत नव्हतं मला. हातोडा चुकीच्या जागी बसायला लागला होता माझा.

अशात पुष्करराव दुकानात आले. मांजरीला त्यांचा क्रीमचा छोटा कारखाना. एकीकडे ऊस, एकीकडे नव्या बिल्डिंगा, मध्ये त्यांची पत्र्याची शेड. त्यांना बंगल्यात शोभेला बंब हवा होता. पाणी तापवायला नाही, झाड लावायला. मी गिळलं ते. बोलता बोलता क्रीमचा विषय निघाला आणि मी सुरुचीबद्दल सांगायला सुरुवात केली. जरा जास्तच सांगितलं असेल. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढी हुशार आहे, तर घरी का आहे?"

बंब तिथेच त्याच्या डोक्यात घातला असता. पण आतून सुरुची बाहेर आली. तिने ऐकलं होतं. म्हणाली, कुठलं क्रीम तुमचं, दाखवा.

पुष्कररावांनी गाडीतून दोन खोकी आणली. एक त्यांचं, एक मोठ्या कंपनीचं. दोन्ही व्हिटॅमिन सीची. त्यांची अडचण अशी, की त्यांच्या ट्यूबा दुकानात काही आठवडे राहिल्या की आतलं क्रीम तपकिरी पडायचं. दुकानदार परत पाठवायचे. दुसऱ्या कंपनीचं मात्र पांढरं ते पांढरं. त्यांनी एका सल्लागाराकडून कृती विकत घेतली होती, तो आता फोन उचलत नव्हता. दोन्ही ताडून बघा, म्हणाले, कुठला घटक दगा देतोय ते सांगा. सांगितलंत तर माल तपासायची जागा रिकामी आहे, ती तुमची. नाही सांगितलंत तर हे क्रीम मी बंद करतो, मग जागाही नाही.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझी बहीण जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने खोकी पालथी केली. उल्काने तिच्या पुढ्यात ताट ठेवलं, ते गार झालं. एकेक नाव इकडून तिकडे लावत होती. फोनवर काय काय शोधत होती. संध्याकाळी उठली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. म्हणाली, दादा, या माणसाची कृती चांगली आहे. साधं, अस्सल व्हिटॅमिन सी, पाण्यानंतर लगेच दुसऱ्या नंबरला. त्याला सांभाळायला व्हिटॅमिन ई आहे, फेरुलिक नावाचं अजून एक आहे, ते दोघं मिळून त्याला काळं पडू देत नाहीत. मोठ्या कंपनीच्या खोक्यात ते शांतवालं, तेही शेपटाला. यांचं क्रीम इतक्या लवकर तपकिरी पडायला नको.

तिने पुष्कररावांना तेच फोनवर सांगितलं. घटकांत दोष नाही. ते म्हणाले, मग काय माझ्या पत्रिकेत आहे का? परवा माझे दोन डीलर येतायत, त्यांच्यासमोर सिद्ध करा. सुरुचीने कबूल केलं. दोन्ही क्रीमं रात्रभर झाकून अंधारात ठेवते, म्हणाली, एका रात्रीत तुमचं पडणार नाही. पडलं तर मी खोटी.

आता असल्या प्रसंगाला ती स्टीलच्या वाट्या घेऊन निघाली होती. घरच्या, पोचे आलेल्या. मी म्हटलं हे शक्य नाही. यज्ञेश्वरची बहीण डीलरांपुढे पोचे आलेली वाटी ठेवणार? तांब्याचा कोरा पत्रा काढला, दोन वाट्या केल्या, झाकणांसकट. वरून बारीक मठार मारला, म्हणजे हातोडीचे ते एकसारखे ठिपके, उजेड पडला की पाण्यासारखे हलतात. लिंबाने घासल्या. उल्का म्हणाली, "अहो, क्रीमला तांब्याच्या वाट्या कशाला?" मी म्हटलं, बघणाऱ्याचे डोळे दिपायला पाहिजेत.

सुरुचीला दिल्या तेव्हा तिला भरून आलं. तिने वाटी घेतली, पालथी केली, बुडावरून बोट फिरवलं आणि हसली. बूड चोख होतं. मग ती सुलटी करून तिच्यात क्रीम भरलं. आत बघितलं नाही. मीही नाही. तांबटाच्या घरात तांब्यावर संशय कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी मांजरीला आम्ही स्कूटरवरून गेलो. वाट्या मी मांडीत धरल्या होत्या, गाडी ती चालवत होती. ऑफिसात टेबल पुसून ठेवलं होतं. दोन डीलर, पुष्करराव, चहा. वाट्या मांडल्या तर एक डीलर म्हणाला सुद्धा, काय सुंदर काम आहे हो. मी म्हटलं, माझं आहे. सुरुचीने आधी मोठ्या कंपनीच्या वाटीचं झाकण काढलं. पांढरं. मग पुष्कररावांच्या वाटीचं काढलं.

आत चहाच्या रंगाचं काहीतरी होतं. कडेला तर काळपट, आणि काठाला हिरवट कंगोरा.

 माझ्या कानात दिवसभर ठोकल्यावर होतं तसं घण् घण् व्हायला लागलं. झाकण माझ्या हातात होतं का तिच्या, तेही आठवत नाही. एका रात्रीत. कृती चांगली म्हणाली होती ती. पडलं तर मी खोटी म्हणाली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. पुष्कररावांनी वाटीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "दूध जरा कमी पडलंय."

डीलर हसले. सुरुची नाही रडली. तिने बोट घातलं आणि ते तपकिरी बाजूला सारलं. खाली तांबं लखलखत होतं. सांजेला घासून ठेवलं होतं मी, पण इतकं नव्हतं. आत्ता कुणीतरी चिंच लावून धुतल्यासारखं, गुलाबी. ती त्या जागेकडे बघत राहिली. मग दुसऱ्या वाटीतलं सारून बघितलं. तिथे तांबं होतं तसंच, मंद.

"दादा," ती म्हणाली, "याला कल्हई नाहीये."

मी म्हटलं, शोभेच्या वाटीला कल्हई कोण करतं? आतून पांढरी दिसेल, रंग जाईल.

"मग हे कळकलंय."

मी सांगतो, उभ्या जन्मात मला असा धक्का बसला नव्हता. कळकणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं, आमटी ठेवली, की ती कळकते, तोंडात घालवत नाही. आमच्या घरात तान्ह्या पोराला माहीत आहे की आंबट कल्हईशिवाय ठेवायचं नाही. पण क्रीम? क्रीम कुठे आंबट असतं? ते मी तसंच बोलून दाखवलं.

"अस्सल व्हिटॅमिन सी आंबटच असतं दादा, त्या शांतवाल्यासारखं नाही. ज्या लिंबाने तू वाटी घासलीस ना, त्याच्यातलं. तांबं लागलं की ते झपाट्याने पडतं. मला कॉलेजात शिकवलंय हे. आणि मी वाटी पालथी करून बघितली."

पुष्करराव खुर्चीत मागे रेलले. म्हणजे आता दोष भांड्याचा, म्हणाले. मी उठलो. भांड्यात दोष नाही, मी त्यांना सांगितलं, माझ्या भांड्यात दोष नसतो. सुरुचीने माझा हात धरून खाली बसवलं. त्याच ट्यूबमधलं क्रीम तिने काचेच्या बशीवर काढलं. किंचित पिवळसर, बाकी ठीक. डीलर पुढे सरकले. पुष्करराव नाही सरकले. दुकानदार काही माझं क्रीम तांब्याच्या वाटीत ठेवत नाहीत, म्हणाले. ट्यूबेतच तपकिरी पडतं ते.

"दुकानात तांबं नाही," सुरुची म्हणाली. "पण ट्यूबेत शिरायच्या आधी क्रीम कशाकशातून जातं? एखादी तोटी, नळी, जाळी. तांब्याची नाहीतर पितळेची. चिमूटभर लागलं तरी पुरतं. मला मशीन उघडून बघू द्या."

पुष्कररावांच्या मशीनमध्ये सगळं स्टील होतं म्हणे, विकणाऱ्याने तसं लिहून दिलं होतं. त्यांनी डीलरांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. आमच्याकडे मशीन आहे, भांडी नाहीत, म्हणाले, आणि आमचे आभार मानले. पुण्यात आभार मानले की माणसाने उठायचं असतं.

येताना दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये आम्ही. घरी आल्यावर उल्काने वाढलं. आईने फक्त विचारलं, मिळाली का जागा. सुरुचीने मान हलवली. जेवल्यावर ती वाट्या धुवायला बसली. मला म्हणाली, मी बूड बघत बसले दादा, आत बघायला पाहिजे होतं. मला सांत्वन करता येत नाही. मी म्हटलं, वाट्या इकडे दे, उद्या कल्हई करतो. उपयोग काय, ती म्हणाली. मी म्हटलं, उपयोग असो नसो, माझं भांडं कुणाला खोटं पाडेल असं मी घरात ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली. सुरुची येऊन भात्यापाशी बसली, लहानपणी बसायची तशी. वाटी तापली, नवसागर टाकला, तो पांढरा धूर उठला, नाकात झोंबला. कथलाची काडी फिरवली, कापसाने पुसली, आणि वाटी आतून चांदीसारखी झाली. दुसरी चिमट्यात धरली तेवढ्यात आळीच्या तोंडाशी पुष्करराव दिसले. गाडी आत येत नाही, त्यामुळे चालत, बूट सांभाळत. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. रात्रीची झोप झालेली दिसत नव्हती.

त्यांनी ते माझ्या ऐरणीवर ठेवलं आणि कागद सोडला. एक तोटी होती. वरून चकचकीत, स्टीलच वाटावी अशी.

"क्रीम भरायच्या मशीनची," ते म्हणाले. "वरून स्टील. आतून तुमचं."

सुरुचीने भाता सोडला. तोटी उचलली. पालथी केली, आणि मग उजेडाकडे धरून आत बघितलं. तिने ती माझ्याकडे दिली. वरचा मुलामा पातळ, आत पितळ. आणि ते पितळ कित्येक महिने कुणी चिंचेने घासत असल्यासारखं लाल पडलेलं. मी आयुष्य धातूत काढलं, पण त्या तोटीच्या पोटात मी दोनदा बघितलं.

पुष्कररावांनी रुमाल काढून बूट पुसले. मग सुरुचीकडे न बघता म्हणाले, "साडेनऊला यायचं असतं. आज उशीर झाला तर चालेल, आज मीच इथे आहे."

तिने हातावरची काजळी धुतली, ओढणी घेतली. गळ्यात कार्ड-बिर्ड काही नव्हतं. तोटी तेवढी परत कागदात गुंडाळून हातात घेतली आणि निघाली. पुष्करराव दोन पावलं मागे.

माझ्या हातात त्या वेळी हातोडा नव्हता, चिमटा होता. मी समोरच्या दुकानाला खूण केली. त्याने हातोडा थांबवला. त्याच्या शेजाऱ्याने मान वर केली, त्यानेही थांबवला. मग पलीकडच्याने. सगळी आळी गप्प झाली, आणि माझी बहीण मधून चालत गेली.